यंत्र खोटे बोलत नाही म्हणे!

वर्तमानपत्रात संगणकाची एखादी मोठी बातमी आली, की पारावर लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "बरे झाले, आता कारभार स्वच्छ होणार. भाऊसाहेबांची मनमानी संपली." दुसरा म्हणतो, "कसली स्वच्छ! पूर्वी एकटा माणूस अडवीत होता, आता माणूस आणि यंत्र दोघे मिळून अडवतील." तिसऱ्या बाजूला बसलेली मंडळी बराच वेळ नुसती तंबाखू मळत राहतात आणि शेवटी विचारतात, "ह्याचा आपल्या उसाच्या बिलाशी काही संबंध आहे का?" आम्हाला विचाराल तर हा तिसरा प्रश्न सर्वांत शहाणपणाचा. बातमी दिल्लीची असो की अमेरिकेची, तिला हा प्रश्न विचारावा आणि मगच तिच्यावर मत द्यावे.

आज आपण अशाच गप्पा मारणार आहोत. आम्ही काही संगणकाचे तज्ज्ञ नव्हे. पण ज्या यंत्रात आपली जमीन, आपले कर्ज, आपले पीक आणि आपले मत जाऊन बसले आहे, त्याच्याविषयी बोलायला पदवी कशाला हवी?

पहारा आणि पायघड्या

राजकारणी मंडळी आणि संगणक यांचे नाते मोठे गमतीचे आहे. आपल्या देशात पहिला संगणक आला तो १९५० च्या दशकाच्या मध्यावर, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः एक संगणक बांधला, तो १९६० साली चालू झाला. तोवर कोणाचे काही म्हणणे नव्हते, कारण ती शास्त्रज्ञांची खेळणी होती. पण १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाने आपल्या कचेरीत संगणक आणायचे म्हटले आणि कर्मचाऱ्यांच्या पोटात गोळा आला. एक यंत्र शंभर कारकुनांचे काम करणार, मग शंभर कारकुनांनी काय करायचे? कलकत्त्यात तर यंत्र आत येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी इमारतीवर रात्रंदिवस पहारा ठेवला.

त्या पहाऱ्याला आज हसणे सोपे आहे. पण ज्याच्या घरात एकच पगार येतो त्याने पगार वाचवण्यासाठी जागरण केले, यात हसण्यासारखे काय आहे? मळणी यंत्र आले तेव्हा खळ्यावरच्या मजुरांनाही हीच धास्ती वाटली होती, आणि ती सर्वस्वी खोटी ठरली असे कोणी म्हणू नये.

पुढे १९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला आणि बँकांत यंत्रे आली, तीही जपून, मोजून मापून. १९८४ च्या अखेरीस राजीव गांधी पंतप्रधान झाले. त्यांच्या भोवतालच्या तरुण मंडळींना विरोधकांनी 'कॉम्प्युटरवाली पोरे' म्हणून खूप हिणवले. लोकांना भाकरी द्यायची सोडून हे डबे काय देतात, असा सूर असे. १९८६ साली नवी दिल्लीत रेल्वेचे आरक्षण संगणकावर सुरू झाले. त्याच वर्षी कर्नाटकातल्या कित्तूरला, राणी चन्नम्माच्या गावी, देशात बनवलेले खेड्यासाठीचे छोटे टेलिफोन केंद्र बसले. धूळ आणि उन्हाळा सोसणारे, वातानुकूलित खोली न मागणारे असे ते केंद्र होते. आमच्या मते त्या काळातली खरी क्रांती रेल्वेच्या आरक्षणापेक्षा ही होय. मुंबईला गिरणीत असलेल्या भावाला गावावरून फोन लागू लागला, ही गोष्ट ज्याने अनुभवली त्यालाच कळेल.

आणि मग पारडे फिरले. ज्या विचाराच्या संघटनांनी कलकत्त्यात पहारा दिला, त्याच विचाराच्या सरकारने २००० नंतर संगणक कंपन्यांना पायघड्या घातल्या. ज्या पक्षांनी राजीव गांधींच्या डब्यांची टिंगल केली, त्यांच्याच सरकारने १९९८ साली माहिती तंत्रज्ञानाचे कार्यदल नेमले. तेव्हा मंडळी, कोणता पक्ष यंत्राच्या बाजूचा आणि कोणता विरोधी, हा वाद घालण्यात अर्थ नाही. सत्तेत असले की यंत्र चांगले, बाहेर असले की वाईट, असा हा साधा हिशेब आहे.

पावसाचा हिशेब

आता आपल्या वऱ्हाडच्या अभिमानाची गोष्ट. १९८० च्या दशकात भारताला मान्सूनचा अंदाज काढण्यासाठी महासंगणक हवा होता. तो अमेरिकेकडे होता. मोठा मागितला, त्यांनी लहान दिला, आणि तोही कशासाठी वापरायचा याच्या अटी घालून. या यंत्रावर अण्वस्त्रांचीही गणिते होतात, हे त्यांचे भय. तेव्हा आपणच बांधू म्हणून १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. हे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले ते डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातले. दुसऱ्याने बियाणे नाकारले म्हणून घरचे बियाणे धरण्यासारखेच हे झाले.

हवामानाचे गणित कसे चालते हे थोडक्यात सांगतो, कारण अंदाज चुकला की आपण शास्त्रज्ञांना शिव्या देतो. आपण जमिनीचे वाफे पाडतो तसे हे लोक साऱ्या पृथ्वीचे चौरस वाफे पाडतात. प्रत्येक वाफ्यात हवा किती तापली, ओल किती, वारा कुठून कुठे, हे घालून पुढच्या घटकेला काय होईल ते काढतात. मग त्याच्या पुढच्या घटकेला, असे दहा दिवसांपर्यंत. पूर्वी हा वाफा १२ किलोमीटर बाजूचा होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली नवी भारत अंदाज प्रणाली ६ किलोमीटरचा वाफा धरते. बाजू निम्मी झाली की वाफे चौपट होतात आणि हिशेब त्याहूनही वाढतो. त्यासाठी पुण्यात २०१८ साली 'प्रत्यूष' आणि २०२४ साली 'अर्क' हे महासंगणक बसले. आता अंदाज तालुक्याच्याही खाली, गावांच्या पुंजक्यापर्यंत येऊ पाहतो आहे. उत्तम झाले. मनापासून आनंद वाटला.

पण याच सुमारास दुसरी एक बातमी होती, ती आतल्या पानावर कोपऱ्यात आली. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा पातळीवरची कृषी हवामान केंद्रे होती. देशात अशी १९९. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती सल्ला काढीत: पाऊस येतोय, फवारणी थांबवा, कापणी केलेले सोयाबीन झाका. मार्च २०२४ मध्ये ही केंद्रे बंद केली. आता सांगा, अंदाज अधिक बारीक झाला आणि तो आपल्या भाषेत, आपल्या पिकाला लावून सांगणारा माणूस मात्र घरी गेला. पाट बांधायला पैसा आहे, पण पाणी वाफ्यात सोडणारा पाटकरी नाही, अशातली ही गत. महासंगणकाची कोनशिला बसते, फोटो छापून येतो. पाटकऱ्याचा फोटो कोण छापणार?

वारणेने काय दाखवले

तंत्रज्ञानाच्या बातम्यांत 'देशातले पहिले' हा शब्द फार येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरचे नाव असेच १९९८ साली देशभर गाजले. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा समूहाच्या परिसरातल्या सुमारे ७० गावांत संगणकाचे जाळे टाकायचे ठरले. केंद्र, राज्य आणि वारणा समूह, तिघांनी पैसा घातला. गावोगावी केंद्रे उघडली, तिथे संगणक आणि तो चालवणारा मुलगा. कल्पना भव्य होती. शेतकरी तिथे बसून पिकांची माहिती घेईल, देशभरचे बाजारभाव पाहील, रोगांवर सल्ला मागेल, मुले जगाशी जोडली जातील. परदेशातून अभ्यासक पाहायला येत.

प्रत्यक्षात काय घडले? शेतकरी केंद्रावर येत, पण बाजारभाव पाहायला फारसे नव्हे. ते येत उसासाठी. लागणीची नोंद झाली का? तोड कधी मिळणार? काल गेलेल्या गाडीचे वजन किती भरले? खतापोटी किती कापले आणि बिल किती निघाले? ज्याने आयुष्यात कधी कारखान्याला ऊस घातला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. बारा-चौदा महिने सांभाळलेला ऊस टोळीच्या वाटेकडे डोळे लावून उभा असतो. तोड लांबली की वजन घटते आणि तुरे येतात. त्या काळी तोडीची तारीख कळायला शेतकी ऑफिसचे उंबरे झिजवावे लागत, चिटबॉयला चहा पाजावा लागे. ती तारीख आणि वजनाचा आकडा गावातच, कोणाची मिनतवारी न करता मिळू लागला. हे थोडे झाले का?

पुढे संगणक जुने झाले, दुरुस्तीचा खर्च वाढला, वीज तर आपली नेहमीचीच. मग २००६ च्या आसपास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहणी केली आणि काही गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाईलचा प्रयोग केला. शेतकऱ्याने आपल्या मोबाईलवरून निरोप पाठवायचा, उत्तरात वजनाचा आकडा यायचा. एवढ्या मोठ्या जाळ्याचे काम अडीच-तीन हजारांच्या खिशातल्या डबीने केले! कोणी म्हणेल, म्हणजे पहिला खर्च वाया गेला. आम्ही तसे म्हणणार नाही. शेतकऱ्याला नेमके काय हवे आहे ते त्या खर्चामुळे कळले. मात्र आधी पारावर येऊन विचारले असते तर तंबाखू मळणाऱ्यांनी ते फुकट सांगितले असते, हेही खरे.

सातबारा यंत्रात गेला तेव्हा

आता मुख्य विषयाकडे येऊ. जमिनीचे दप्तर संगणकावर घेण्याची योजना केंद्राने १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू केली. त्यांत महाराष्ट्रातला वर्धा जिल्हा होता. शेजारच्या कर्नाटकाने २००० च्या सुमारास 'भूमी' योजनेत सुमारे दोन कोटी उतारे यंत्रात घातले आणि हाताने लिहिलेला उतारा बंदच केला. आपल्याकडे काम रेंगाळत रेंगाळत झाले. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या १५ रुपयांत मिळू लागला.

जुने दिवस आठवतात त्यांना याची किंमत कळेल. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाच्या नावावर ते, आणि बारा म्हणजे तीत काय पेरले ते. ही दोन पाने मिळवण्यासाठी सज्जावर तीन हेलपाटे. पहिल्या दिवशी भाऊसाहेब मीटिंगला, दुसऱ्या दिवशी दप्तर तालुक्याला, तिसऱ्या दिवशी दोघेही हजर पण कार्बन संपलेला. पंधरा रुपयांत हे सगळे टळत असेल तर कोण नको म्हणेल? हल्ली तर तलाठ्याचे नावही बदलले, ग्राम महसूल अधिकारी झाले. गावाच्या तोंडी अजून भाऊसाहेबच आहेत, आणि राहतील.

पण जुन्या वहीतून यंत्रात उतरवताना काय काय झाले ते ज्यांच्या वाट्याला आले त्यांना विचारा. वहीतला मोडीवळणाचा हात, शाई फुटलेली, कोपरा उंदराने खाल्लेला. आणि उतरवून घेणारा शहरातला पोरगा, रोजंदारीवर, दिवसाला इतके उतारे झालेच पाहिजेत म्हणून बसवलेला. समजा ० हेक्टर ४० आर लिहायचे तिथे ०४ आर पडले. एका शून्याची जागा सरकली आणि एक एकर जमीन चार गुंठ्यांवर आली! शिंद्यांचे शेंडे झाले. फेडलेल्या कर्जाचा बोजा उतरला नाही. दुसऱ्या फेरफारात कमी झालेले नाव पुन्हा उगवले. वहीतही चुका असत, नाही असे नाही. पण वहीतली चूक खाडाखोड पाहून दिसे. कोणी, केव्हा, कोणत्या शाईने केली ते अनुभवी डोळ्याला कळे. यंत्रातली चूक मात्र सुंदर छापून येते, खाली सही, वर राजमुद्रा. तिच्याकडे पाहून कोणाला शंका येणार? आणि शंका काढलीच तर खिडकीतून उत्तर येते, "काका, कॉम्प्युटरमध्ये असंच दाखवतंय."

हे उत्तर आम्हाला सहन होत नाही. कॉम्प्युटर काही आपल्या मनाने दाखवीत नाही. कोणीतरी घातले म्हणून दाखवतो. ज्या कोणी घातले त्याचे नाव आणि तारीख यंत्रातही असते. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे असेल, पण त्याला खोटे शिकवता येते, आणि घाईत तर फार लवकर शिकवता येते.

यावर उपाय कायद्यात आहे, तो वापरा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा आहे, त्याचे कलम १५५ लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचे. तहसीलदाराकडे साध्या कागदावर अर्ज, सोबत जुना हस्तलिखित सातबारा आणि संबंधित फेरफाराची नक्कल. म्हणून जुने उतारे रद्दीत घालू नका. ट्रंकेतल्या पिवळ्या कागदांची किंमत आता वाढली आहे. वहिनी, दिवाळीच्या साफसफाईत ही पिशवी आधी बाजूला काढून ठेवा!

२०१७ च्या उन्हाळ्यात गावोगावी संगणकीकृत सातबाराचे चावडीवाचन ठेवले होते. म्हणजे उतारे सर्वांसमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्याची चूक असेल त्याने तिथेच हात वर करायचा. इतकी चांगली कल्पना सरकारी कागदातून क्वचित निघते. जिथे लोक जमले तिथे चुका सापडल्या. जिथे दवंडीच नीट फिरली नाही तिथे चार टाळकी जमली आणि वाचन 'पूर्ण' झाले.

हिरवी यादी

चूक किती महाग पडते हे त्याच वर्षी दिसले. जून २०१७ मध्ये राज्याने ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली, ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ होईल म्हणून सांगितले. पूर्वीच्या माफीत बोगस नावे घुसली होती, तेव्हा या वेळी सगळे संगणकावर, अर्ज ऑनलाइन, अंगठा लावून. हेतूला नावे ठेवता येणार नाहीत. पण ऐन खरिपात शेतकरी नवराबायको दोघेही केंद्रासमोर रांगेत. रात्री बारानंतर सर्व्हर जरा हलतो म्हणून लोक केंद्रावर मुक्कामाला. ज्या हातांनी विळा धरला, माती उपसली त्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. यंत्र म्हणते अंगठा जुळत नाही. कष्ट केल्याचा हा पुरावा यंत्राला अपुरा वाटला.

दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, मोठा समारंभ करून शेतकरी जोडप्यांना प्रमाणपत्रे दिली. नंतर बँकांनी याद्या उघडल्या तर एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावे! याद्या मागे घ्याव्या लागल्या, पुन्हा तपासाव्या लागल्या. 'ग्रीन लिस्टमध्ये नाव आलं का?' हा त्या हिवाळ्यात गावातला रामराम झाला होता. सत्ताधाऱ्यांनी यंत्रणेकडे बोट दाखवले, यंत्रणेने बँकांकडे, बँकांनी अर्जांकडे. विरोधकांनी सभा गाजवल्या. रब्बीसाठी नवे पीककर्ज मात्र सोसायटीच्या सचिवाने दिले नाही, कारण जुने खाते 'माफीत की थकीत' हेच ठरले नव्हते. ज्याला त्या काळात सावकाराकडे जावे लागले त्याचे व्याज कोणी भरले?

पुढची कर्जमाफी डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. तीत अर्जच मागितला नाही. बँकांनी आपली खाती दिली, गावात याद्या लावल्या, शेतकऱ्याने येऊन आधार पडताळून घ्यायचे. तेही काम संगणकावरच झाले, पण शेतकऱ्याच्या डोक्यावरचा बोजा बँकेकडे गेला. म्हणजे भांडण यंत्राशी नव्हतेच. सिद्ध कोणी करायचे, शेतकऱ्याने की कचेरीने, हा प्रश्न होता आणि तो यंत्राने नव्हे, मंत्रालयाने ठरवायचा असतो. पक्षाचे नाव बाजूला ठेवून एवढे म्हटले तरी पुरे.

मत आणि चिठ्ठी

पारावर ज्या विषयाने आवाज चढतो तो म्हणजे मतदान यंत्र. याचा जन्म मोठा रंजक आहे. मे १९८२ मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर प्रथम यंत्रे लावली. एका उमेदवाराने मतदानाआधीच यंत्रांना विरोध करून कोर्ट गाठले होते. गंमत अशी, की मोजणीत तोच १२३ मतांनी निवडून आला! मग हरलेला दुसरा उमेदवार यंत्राविरुद्ध कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सांगितले की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही. त्या ५० केंद्रांवर कागदी मतदान पुन्हा झाले आणि निकाल फिरला. त्यानंतर १९८८ च्या अखेरीस कायदा बदलला, आणि २००४ ची लोकसभा सबंध देशात यंत्रावर झाली. जिंकला त्याला यंत्र बरे आणि हरला त्याला खोटे, ही रीत तेव्हापासूनची. यातून कोणताही पक्ष सुटला नाही.

म्हणून आम्ही पक्षांचे ऐकत नाही, पण गावाचे ऐकतो. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांना आपल्या गावातले आकडे पटले नाहीत. कोणाला किती मते पडली असतील याचा त्यांचा अंदाज वेगळा होता. त्यांनी स्वतःच्या खर्चाने मतपत्रिका छापून ३ डिसेंबरला गावापुरते मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले आणि कार्यक्रम रद्द झाला. यंत्र बिघडलेले होते असा आमचा दावा नाही. तसे कोणी सिद्ध केलेले नाही. आणि गावाने परस्पर निवडणूक घेणे कायद्यात बसत नाही हेही मान्य. पण शंका पोलिसांनी जाते का?

जर्मनीत २००९ साली तिथल्या घटना न्यायालयाने मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला. यंत्रात लबाडी झाली म्हणून नव्हे. त्यांचे म्हणणे असे, की निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. आपल्याकडे त्यासाठी चिठ्ठीचे यंत्र जोडले आहे. सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि पेटीत पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताडून पाहतात. सगळ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी नाकारली. न्यायालयाचा मान राखून आमचे मत एवढेच: आपल्या देशात मोजायला माणसे कमी नाहीत. एक दिवस उशीर झाला तर बिघडत नाही. बाजार समितीत पोते तोलतानासुद्धा शेतकरी काट्यासमोर उभा राहतो, तो तोलाऱ्याला चोर समजतो म्हणून नव्हे.

परदेशातले ट्रॅक्टर, घरातले मोबाईल

अमेरिकेतला शेतकरी म्हणजे हजारो एकरांचा धनी, त्याला कसली ददात, असे आपल्याला वाटते. तर ऐका. तिथे नव्या ट्रॅक्टरमध्ये संगणक असतो, आणि बिघाड झाला की कंपनीच्या अधिकृत मेकॅनिकनेच आपले सॉफ्टवेअर लावून तो काढायचा. ऐन सुगीत ट्रॅक्टर शेतात बंद, शेतकऱ्याच्या हातात पाना आहे, अंगात कसब आहे, पण कुलूप कंपनीच्या हाती. यावर तिथे मोठे आंदोलन झाले. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रे दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने जॉन डिअर कंपनीवर दावा लावला. आपल्याकडे गावचा फिटर अजून झाडाखाली इंजिन उघडतो. नवा ट्रॅक्टर घेताना डिलरला अश्वशक्ती आणि हप्ता विचारता तसे हेही विचारा, की बिघडला तर गावात उघडता येईल का?

१९ जुलै २०२४ ला एका संरक्षक सॉफ्टवेअरच्या सदोष बदलामुळे जगातले सुमारे ८५ लाख संगणक एकाच दिवशी आडवे झाले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास दिले. म्हणजे वही-पेनाने विमान उडवले! पारावर त्या दिवशी फार समाधान पसरले होते.

आता नवी हवा कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. जून २०२५ मध्ये राज्याने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटींचे धोरण मंजूर केले. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसावर प्रयोग लावले आहेत, उपग्रहाची चित्रे आणि जमिनीतली ओल मोजणारी यंत्रे जोडून पाणी किती द्यायचे ते सांगतात. चांगले आहे, जमेल तेव्हा जाऊन पाहून या. मोबाईलला पानाचा फोटो दाखवला की तो रोगाचे नाव सांगतो, तेही ठीक. पण औषध कोणते, कोणत्या कंपनीचे, हे तो सांगू लागला की दुकानदाराला विचारता तसेच त्यालाही विचारा, "तुला यात काय मिळते?"

या सगळ्यात घरातल्या बायकांचे काय, हे कोणी विचारत नाही. पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याच्या मोबाईलवर आली. बारा नंबरात पीक लावायचे ते आता आपणच, शेतात उभे राहून फोटोसकट. बऱ्याच घरांत मोबाईल मुलाकडे आणि मुलगा तालुक्याला. आई शेतात, पण हातात फोन नाही. नोंद राहून जाते. २०२४ साली सरकारने मागच्या खरिपाच्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये जाहीर केले, तेव्हा आधी ई-पीक पाहणी केलेल्यांनाच म्हटले होते. ओरड झाली म्हणून अट सैल केली. दर वेळी ओरड होईलच असे नाही. हमीभावाच्या खरेदीला आणि विम्याला ही नोंद लागते. घरातली नववी-दहावीतली लेक हे काम आपल्यापेक्षा चटकन करते. तिला सांगा, आणि केल्यावर तिच्याकडून वाचून घ्या.

फोटो काढताना आपल्याच गटात उभे राहा, बांधाच्या पलीकडे नको. गट नंबर आणि क्षेत्र उताऱ्यावरून पाहून घाला, आठवणीवरून नको. मिश्र पीक असेल तर दोन्ही पिके लावा. तुरीची ओळ राहून गेली म्हणून तूर विकताना अडचण आलेली माणसे आहेत. विहीर, बोअर आणि बांधावरची झाडेही त्यातच नोंदवता येतात. आणि चुकून सोयाबीनच्या जागी मूग पडला तर घाबरू नका. केलेली नोंद ४८ तासांच्या आत आपल्याच मोबाईलवरून एकदा दुरुस्त करता येते. तिसरा दिवस उजाडला की मात्र भाऊसाहेबांकडे जावे लागते.